स्वस्तातला कस्टम लूप आणि किनाऱ्यावरची हवा

संगणकाच्या प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाण्याने वाहून न्यावी का, आणि न्यायची तर तशी व्यवस्था बेताच्या पैशांत घरच्या घरी नीट उभी करता येते का, यावर हौशी मंडळींत गेली पंचवीसेक वर्षं चर्चा चालू आहे. या चर्चेतला बहुतेक अनुभव थंड हवेच्या देशांतला आहे. तिथल्या चाचण्या खोलीचं तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस धरून होतात, सुटे भाग दोन-तीन दिवसांत दाराशी येतात, बिघडलेला पंप परत पाठवणं किरकोळ असतं. दापोली तालुक्यातल्या केळशीत यातलं काहीच जसंच्या तसं लागू पडत नाही. गाव भारजा नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेलं. मे महिन्यात दुपारचा पारा ३२-३३ अंशांच्या आसपास, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. पावसाळ्यात वीज जाणं नेहमीचं. अशा गावात लग्नांचे व्हिडिओ संपादित करणारा, ॲनिमेशन शिकणारा किंवा खेळांची आवड असलेला कुणी कस्टम लूप, म्हणजे पंप, टाकी, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्या स्वतः जोडून केलेला पाण्याचा फेरा, बांधायचा म्हणाला, तर आजवरच्या चर्चेतलं त्याच्या उपयोगाचं काय आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पाणी संगणकात आलं कसं

मोठ्या संगणकांना पाण्याने थंड ठेवण्याची पद्धत १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांपासून चालत आली आहे. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर सगळे सर्किट बोर्डच फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. घरगुती संगणकात पाणी आलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी, आणि ते उद्योगांनी नव्हे, हौशी लोकांनी आणलं. त्या काळी बाजारात तयार भाग जवळजवळ नव्हते. मोटारीच्या हीटरमधला कोअर रेडिएटर म्हणून, मत्स्यपेटीचा पंप, आणि तांब्याचा तुकडा स्वतः कोरून केलेला वॉटर ब्लॉक, एवढ्यावर गाडी चालायची. म्हणजे आज ज्याला आपण जुगाड म्हणतो, तीच या छंदाची मूळ अवस्था होती. महागडे भाग नंतर आले.

२००४ साली ॲपलने पॉवर मॅक जी-५ च्या वरच्या श्रेणीतल्या यंत्रात द्रव-शीतन दिलं. त्यातल्या काही यंत्रांना पुढे गळती लागली आणि संगणकात पाणी घालण्याविषयीची भीती लोकांच्या मनात घट्ट बसली. २००९ मध्ये कॉर्सेअरचा एच-५० हा आसेटेक कंपनीकडून बनवलेला, कारखान्यातच भरून सीलबंद केलेला संच आला. या जातीला आज सगळे एआयओ म्हणतात. कस्टम लूपचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी तोच ठरला. २०१७ मध्ये स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने ॲल्युमिनियमचे भाग वापरून स्वस्त लूपची मालिका काढली, ती पुढे बंद झाली. दरम्यान बॅरो, बिक्स्की, फ्रीझमॉड अशा चिनी कंपन्यांनी तांब्या-पितळेचे भाग निम्म्याहून कमी किमतीत विकायला सुरुवात केली, आणि ‘कमी खर्चात’ हे शब्द खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागले. आपल्याकडे मात्र या वाटेवर लगेच अडसर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ४३ ॲपांत अलीएक्सप्रेस होतं. तेव्हापासून हे भाग इथल्या आयातदारांकडून किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या सामानातून मिळवावे लागतात. किमतीतला फरक त्यामुळे बराच आटला.

महाराष्ट्रात या तंत्राचं मोठं रूप पुण्यात पाहायला मिळतं. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला. त्याच परंपरेतला, राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली २०१९ मध्ये आयसर पुणे इथे उभा राहिलेला परम ब्रह्म प्रोसेसरपर्यंत थेट पाणी नेऊन थंड केला जातो. त्याची गणनक्षमता ७९७ टेराफ्लॉप्स. महासंगणकाचा आणि केळशीतल्या टेबलाखालच्या डब्याचा आकार जुळत नाही, पण दोन्हीकडची पद्धत एकच आहे: तांब्याची पट्टी चिपवर, पट्टीतून पाणी, आणि पाण्याची उष्णता दुसरीकडे हवेत.

उष्णतेचा हिशेब

वाद समजून घ्यायचा तर थोडं गणित टाळता येत नाही. लूप थंडी निर्माण करत नाही. तो चिपजवळची उष्णता उचलतो आणि रेडिएटरपाशी हवेला देतो. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर २०० वॉट उष्णता टाकत असेल, तर पाणी ब्लॉकमधून बाहेर पडताना तीनेक अंशांनीच तापलेलं असतं. म्हणून लूपमध्ये आधी रेडिएटर की आधी प्रोसेसर, यावर होणारी चर्चा फारशी महत्त्वाची नाही. फिरत्या लूपमध्ये सगळीकडे पाणी जवळपास सारखंच गरम असतं.

टाकी मोठी ठेवली की संगणक थंड राहील, हा समजही याच हिशेबात तपासता येतो. रेडिएटर नसेल तर ३०० वॉटची उष्णता एक लिटर पाण्याला दर मिनिटाला चार अंशांपेक्षा जास्त तापवते. पाच लिटरच्या टाकीने फक्त वेळ लांबतो. शेवटी सगळं रेडिएटरच्या क्षेत्रफळावर आणि त्यातून जाणाऱ्या हवेवर येतं. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा की पाणी हवेपेक्षा दहाएक अंशांनी गरम चालत असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढं रेडिएटर १०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतं. पंख्याचा वेग आणि जाळीची जाडी बदलली की हा आकडा हलतो, पण नियोजनासाठी पुरेसा आहे.

याच हिशेबातून किनाऱ्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. खोलीचं तापमान २१ वरून ३३ वर गेलं, तर एअर कूलरवरचा, म्हणजे धातूच्या पात्या आणि पंख्याने थंड होणारा, प्रोसेसरही साधारण बारा अंशांनी वर जातो आणि पाण्यावरचाही. कोकणातला उकाडा हे पाण्याच्या बाजूचं आपोआप कारण होत नाही. उकाड्यामुळे वरची मोकळी जागा कमी होते, एवढंच. जो प्रोसेसर किंवा कार्ड आधीच मर्यादेच्या काठावर असेल, त्याच्यासाठी मात्र हा दहा-बारा अंशांचा फरक निर्णायक असतो.

भूमिका कोणत्या

पहिली भूमिका सरळ आहे: हवा पुरे. या बाजूची मंडळी म्हणतात, तीन ते पाच हजार रुपयांचा दोन मनोऱ्यांचा एअर कूलर घ्यावा आणि विषय संपवावा. त्यांचा युक्तिवाद अलीकडे अधिक बळकट झाला आहे. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेपासून एएमडी ९५ अंशांपर्यंत चालणं हे रचनेतच धरते. त्यातल्या गणना करणाऱ्या चिपचं क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर. एवढ्या लहान जागेतून उष्णता बाहेर पडतानाच अडते, त्यामुळे पुढे कितीही मोठं रेडिएटर लावलं तरी हातात येणारा फायदा मर्यादित राहतो. शिवाय बायोसमधून वीजमर्यादा कमी केली, तर कामगिरी थोडी घटते आणि उष्णता पुष्कळ घटते. हा उपाय फुकट आहे. पंखा बिघडला तर दापोलीत किंवा खेडमध्ये पंखा मिळण्याची शक्यताही असते.

एआयओच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. सहा-नऊ हजारांत २४० मिलिमीटरचा संच मिळतो, बांधणीची जोखीम नसते, कंपनीची हमी असते. उणीव अशी की पाणी नळ्यांतून वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं, बहुतेक संचांत ते पुन्हा भरता येत नाही, आणि पंप गेला की सगळा संच टाकून द्यावा लागतो.

तिसरी भूमिका नव्या, पण स्वस्त भागांतून लूप बांधणाऱ्यांची. प्रोसेसरपुरता असा लूप बारा ते अठरा हजारांच्या घरात जातो. नामांकित कंपन्यांचे भाग घेतले तर पंचवीस हजार सहज ओलांडले जातात. नुसत्या खर्चाच्या हिशेबात हा पर्याय हरतो, हे त्याचे समर्थकही मान्य करतात. त्यांचा मुद्दा ग्राफिक्स कार्डाचा आहे. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड ४५० वॉट खातं, आणि हवेवरच्या कार्डाचा आवाज व तापमान जेवढं पाण्याने उतरतं तेवढं प्रोसेसरचं उतरत नाही. पण पूर्ण आकाराचा ब्लॉक त्या एका कार्डालाच बसतो. कार्ड बदललं की ब्लॉक निकामी. म्हणून काटकसरी लोक फक्त चिपवर बसणारा सर्वसाधारण ब्लॉक वापरतात आणि मेमरीवर, वीज-नियंत्रकांवर वेगळे छोटे हीटसिंक चिकटवतात. माझ्या मते कमी खर्चातल्या लूपचं खरं समर्थन करायचं तर याच ठिकाणी करता येतं. आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॉटचं कार्ड जो रात्रभर रेंडरिंगला लावतो, त्याला शांतता आणि टिकाऊपणा दोन्ही यातून मिळू शकतात. आणि शांततेचा मुद्दा हलका नाही. शहरातल्या रहदारीत न ऐकू येणारा पंखा केळशीच्या रात्री शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

चौथी बाजू मूळच्या जुगाडाची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मोटारभागांच्या दुकानांतून आणलेला हीटर कोअर, खोली थंड करणाऱ्या घरगुती कूलरचा पाण्यात बुडणारा पंप, बागेची नळी आणि होज क्लिप. यात हजार-दोन हजारांत काम भागतं आणि भौतिकशास्त्र कुठेच आडवं येत नाही. धोका तपशिलात आहे. अलीकडच्या गाड्यांतले हीटर कोअर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, तांब्या-पितळेचे शोधून घ्यावे लागतात. कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो, म्हणजे टाकीच्या पाण्यात घरची मुख्य वीज असते. आणि त्या पंपाची तार संगणकाच्या पुरवठ्याशी जोडलेली नसते. दिवे गेले आणि संगणक यूपीएसवर चालूच राहिला, तर पंप बंद आणि प्रोसेसर चालू अशी स्थिती येते. प्रोसेसर तापला की स्वतः वेग कमी करतो, शेवटी बंदही होतो, पण रोज तशी वेळ आणणं बरं नाही. हा मार्ग घ्यायचाच असेल तर पंप आणि संगणक एकाच यूपीएसवर हवेत.

काटकसर कुठे चालते

या प्रश्नावर चारही बाजूंत आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे. पंखे, रेडिएटर, नळ्या आणि पाणी यांत पैसे वाचवावेत. पंपात वाचवू नयेत. लाइंग कंपनीच्या रचनेतून आलेले डी-५ आणि डीडीसी हे १२ व्होल्टचे पंप वर्षानुवर्षं चालल्याचा अनुभव आहे. त्यांच्या स्वस्त नकलांत एखादा चांगलाही निघतो, पण तो निघेलच याची खात्री देता येत नाही.

फिटिंगच्या बाबतीत गावाकडच्या माणसाला एक वाट उपलब्ध आहे. लूपच्या जवळजवळ सगळ्या भागांना जी-१/४ आटे असतात, आणि कारखान्यांत हवेच्या नळ्यांसाठी वापरतात ती पाव इंची बीएसपी समांतर आट्यांची पितळी फिटिंग त्यात बसतात. हार्डवेअरच्या किंवा न्यूमॅटिक सामानाच्या दुकानात ती स्वस्त मिळतात. मात्र आटे समांतरच हवेत आणि पाणी अडवण्याचं काम ओ-रिंगने करायला हवं. नळकामातले निमुळते आटे टेफ्लॉन टेप लावून आवळले की ॲक्रिलिकच्या टाकीला किंवा ब्लॉकला तडा जातो. मिस्त्रीला काम सांगताना हे आधीच सांगून ठेवावं, कारण त्याचा हात आवळण्यालाच सरावलेला असतो.

धातूंचा प्रश्न सर्वांत जास्त चर्चिला गेला आहे. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा हे एकाच पाण्यात नांदतात. त्यात ॲल्युमिनियम आलं की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. लोखंडी जीआय फिटिंगही याच कारणाने बाद. यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो: बहुतेक एआयओंत तांब्याची पट्टी आणि ॲल्युमिनियमचं रेडिएटर एकत्रच असतात, मग ते कसे टिकतात? उत्तर असं दिलं जातं की ते सीलबंद असतात, प्राणवायू आत फारसा जात नाही आणि द्रवात गंजरोधक घातलेलं असतं. घरच्या लूपमध्ये झाकण पुन्हा पुन्हा उघडलं जातं. हे उत्तर मला पटतं.

पाण्यासाठी गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीकरता मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं. त्यात मोटारीचं इथिलिन ग्लायकॉलवालं कुलंट दहा-वीस टक्के मिसळलं तर गंज आणि शेवाळ दोन्हींना आळा बसतो. इथिलिन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, म्हणून उरलेलं द्रावण मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावं. विहिरीचं पाणी नको. किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळपणा असतो, आणि क्षार तांब्यालाही सोडत नाहीत. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी डिस्टिल्ड समजून वापरलं जातं, पण त्यात धूळ आणि जिवाणू भरपूर असतात.

गळतीची चाचणी मात्र विनाखर्च आहे आणि ती टाळणं कुणालाच मान्य नाही. संगणकाला वीज न देता फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि चोवीस तास वाट पाहायची.

दमट हवा, खारी हवा, वीज

पाण्यावर थंड होणाऱ्या संगणकाला कोकणात बाहेरून पाणी सुटेल, ही भीती बरेचदा ऐकू येते. साध्या लूपच्या बाबतीत ती निराधार आहे. मे महिन्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानाखाली, म्हणजे ३२-३३ च्या खाली, कधीच जात नाही. दव पडायला नळी दवबिंदूपेक्षा थंड हवी. टाकीत बर्फ टाकला किंवा फ्रीजमधलं पाणी ओतलं, तर मात्र नळीवर आणि ब्लॉकभोवती मिनिटांत थेंब जमतील, आणि ते मदरबोर्डवर पडतील. बर्फाची युक्ती किनाऱ्यावर करू नये, एवढं निश्चित सांगता येतं.

बाष्पीभवनाने पाणी थंड करण्याचे प्रयोगही हौशी लोकांनी पूर्वी केले आहेत. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने पाणी सैद्धांतिकदृष्ट्या २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. केळशीत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ते २८ च्या खाली जाणार नाही. विदर्भात जो उपाय मोलाचा, तो इथे चार अंशांसाठी उघड्या पाण्याची कटकट मागे लावतो.

खाऱ्या हवेचा प्रश्न अधिक खरा आहे. किनाऱ्यावर एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी किती लवकर कुजते, हे इथल्या प्रत्येक घराने आणि होमस्टेने पाहिलं आहे. म्हणूनच एसी कंपन्या जाळीवर गंजरोधक निळा लेप देतात. संगणकाचं रेडिएटर घरात असतं, त्यामुळे मारा कमी, पण पंखे दिवसभर तीच हवा त्यातून ओढतात. एअर कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरही हाच परिणाम होतो, म्हणून या मुद्द्यावर कोणताही पर्याय सुटत नाही.

विजेचं वेगळं. १२ व्होल्टचा पंप संगणकाबरोबर बंद आणि चालू होतो, त्यामुळे भारनियमनाने लूपला इजा होत नाही. यूपीएसवर दहा-वीस वॉटचा भार वाढतो. लांबलेला खंड मात्र त्रासाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. इतके दिवस उष्ण हवेत नुसतं साठून राहिलेलं पाणी, त्यात जंतुरोधक नसेल तर, बुळबुळीत होतं आणि ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक खाचा बुजवतं. वीज आल्यावर लूप उपसून, धुऊन पुन्हा भरावा लागतो.

अजून न सुटलेलं

स्वस्त पंपांचं आयुष्य हा पहिला अनिर्णित प्रश्न. त्यांच्याविषयीचे अनुभव विखुरलेले आहेत, आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येत असल्याने ते एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. दुसरा प्रश्न द्रव बदलण्याच्या मुदतीचा. वर्षातून एकदा हा सल्ला थंड देशांत ठरलेला आहे. इथे पाणी उन्हाळ्यात ४३-४५ अंशांवर चालतं. त्यामुळे नळ्यांतून पाणी उडण्याचा वेग आणि पीव्हीसीच्या नळ्यांतून प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) उतरण्याचा वेग दोन्ही वाढतात. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्या यात सरस आहेत यावर दुमत नाही, पण मुदत सहा महिने धरावी की आठ, यावर आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. पाणी जे करू शकतं आणि संगणकातल्या एअर कूलरला जमत नाही, ते म्हणजे उष्णता खोलीबाहेर नेणं. चारशे वॉटचा संगणक बंद खोलीत चारशे वॉटच्या हीटरसारखाच वागतो, मग आत एअर कूलर असो की लूप. स्लॅबच्या नव्या घरात मे महिन्यात ते असह्य होतं. भिंतीला दोन भोकं पाडून रेडिएटर पडवीत ठेवलं, तर प्रोसेसरबरोबर माणसालाही थंडावा मिळेल. रेडिएटरचे पंखे चालवून ही उष्णता बाहेर काढणं आणि एसी लावून काढणं यांच्या वीजबिलातला फरक मोठा आहे. झुरिकच्या ईटीएच संस्थेत २०१० साली उभा राहिलेला आयबीएमचा अक्वासार हा संगणक ६० अंशांपर्यंतच्या गरम पाण्यावर चालवून दाखवला गेला होता. उष्ण प्रदेशात शीतयंत्राशिवाय पाणी वापरता येतं, याचा तो पुरावा आहे. भरलेल्या बंद लूपमध्ये नळी उंच नेली तरी चढण आणि उतरण एकमेकांना फेडतात, पंपाला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं, त्यामुळे आठ-दहा मीटरचं अंतर साध्या पंपाच्याही आवाक्यात राहतं. अडचण पडवीतल्या हवेची आहे. खाऱ्या वाऱ्यात, पावसाच्या झडीत तांब्याच्या जाळीचं रेडिएटर किती पावसाळे टिकेल, त्यावर एसीसारखा लेप देता येईल का, आणि दिला तर उष्णता टाकण्याची क्षमता किती घटेल, या तिन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या कुणीतरी दोन-तीन वर्षं रेडिएटर बाहेर टांगून, पाण्याचं आणि हवेचं तापमान लिहून ठेवूनच ठरवाव्या लागतील.